पिवळा बर्फ

संपानंतर भालूमामा परळच्या एका शाळेत राखणदार झाला.
त्याआधी एकवीस वर्षं गिरणीच्या रंगखात्यात,
म्हणून त्याची नखं कधीच नखांच्या रंगाची नव्हती.

महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये
दाढीवाले लोक पत्र्याचे गोल डबे घेऊन येत
आणि परदेशातले सिनेमे बघत, खाली अक्षरं नसलेले.
मामा किल्ली देई. बदल्यात
आम्ही दोघं मागच्या बाकावर.

मी आठ वर्षांची. एकच सिनेमा नीट आठवतो:
कागद कापून केलेला कोल्हा,
पायांना दोऱ्याचे सांधे,
चालत होता, चालतच होता,
आणि बर्फ पिवळा होता.
पांढरा नव्हे. पिवळा. शिळ्या सायीसारखा.
कोल्हा कुठे निघाला होता, मधे कोण मेलं,
शेवटी दार कुणी उघडलं, देव जाणे.

मामा अंधारात माझ्या कानाशी म्हणाला,
"सात नंबरचा पिवळा, त्यात चिमूटभर राखाडी.
आमच्या खात्यात कुणाला जमला नसता."
घरी येऊन त्याने तो कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला,
जणू उद्या भोंगा वाजणार आहे
आणि कुणीतरी ऑर्डर देणार आहे
दहा हजार वार बर्फाची.

आता मी मालाडला, काचेच्या इमारतीत, रात्रपाळीला.
जगभरचे राक्षस, उडत्या तबकड्या, बुडणारी शहरं
आमच्याकडे येतात ती तारांसकट.
मी तारा पुसते.
सेकंदाला चोवीस फ्रेम,
फ्रेममध्ये एक मुलगी, मुलीच्या पाठीत दोन तारा,
तारेमागे जे आकाश असायला हवं होतं
ते शेजारच्या आकाशातून उसनं आणते.
बाजूला इनास तुस्कानो, वसईचा,
आठवडाभर ड्रॅगनच्या पोटाखालची
क्रेनची सावली खरवडतोय.
"देवाने सहा दिवसांत उरकलं," तो म्हणतो,
"त्याला करेक्शन्स येत नव्हती."

परवा चहाच्या सुट्टीत
फोनवर तो कोल्हा सापडला.
कुणीतरी मूळ निगेटिव्हवरून नवा केलेला, धुतलेला, लख्ख.
बर्फ पांढरा.
पहिल्यापासून पांढराच होता.
आमच्या हॉलमध्ये आलेली प्रिंट म्हातारी झाली होती,
एवढंच.
मी तो पुरा पाहिला. गोष्टही कळली, चांगली होती.
सकाळी घरी पोचेपर्यंत विसरले.
मामा असता तर त्याला सांगितलं नसतं.

दुसऱ्या रात्री फ्रेम एकशे त्रेचाळीस:
मुलीची एक बट तारेत अडकलेली.
तार पुसली आणि बट तशीच राहिली,
हवेत, ताणलेली,
कुणाच्याही हातात नसलेली.
नियम असा की तीही पुसायची.
एकतीस फ्रेम. फार तर तासाभराचं काम.
इनासला दाखवली.
तो बराच वेळ बघत राहिला,
मग म्हणाला, "मला काही दिसलं नाही,"
आणि आपल्या सावलीकडे वळला.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही सकाळचा खेळ गाठला,
पाळी संपवून, तसेच, डोळ्यांत वाळू घेऊन.
अर्धं थिएटर रिकामं.
मुलगी उडाली. शहर जळालं.
कुणी पॉपकॉर्नच्या तळाशी हात घालून मीठ शोधत होतं.
मग ती बट. सव्वा सेकंद.

मागच्या रांगेतलं एक पोर म्हणालं,
"आई, तिचा केस कुणी धरलाय?"
आई म्हणाली, "शू. बघ."

बघत राहिली असतील दोघं. मी वळले नाही.
मी माझ्या नखांकडे पाहत होते,
पडद्याचा उजेड त्यांवर पडला होता.
कुठला नंबर, ते
मामाला विचारायला हवं होतं.