सुमारे

अकरावा मसुदा माझ्या टेबलावर आला तेव्हा
बीजिंगमध्ये भिंतीतल्या नळ्या नुकत्या तापू लागल्या होत्या.
वाक्य एकच.
त्यात देश होता, साल होतं, धूर होता,
आणि धुराने कोणत्या साली शिखर गाठून
उतरणीला लागायचं, ते होतं.
भांडण सालावरून नव्हतं.
सालाशेजारच्या एका शब्दावरून होतं :
‘सुमारे’ की ‘आधी’.

पर्यावरणवाल्यांनी ‘आधी’ टंकून पाठवलं होतं.
वीजवाल्यांनी ते खोडून, पेन्सिलीने, आदबीने,
‘सुमारे’ लिहिलं होतं.
पोलादवाल्यांनी काहीच लिहिलं नव्हतं,
नुसता चहाच्या पेल्याचा गोल डाग
बरोबर आकड्यावर.

कोऊ साहेब म्हणाले, लुआन, तू भाषेची पदवीधर,
दोघांनाही आपलाच वाटेल असा शब्द शोध.
मी म्हटलं, असा शब्द असता
तर लग्नं मोडली नसती.
ते हसले नाहीत.
त्यांचं वसंतातच मोडलं होतं.

दुपारी शान्शीहून फोन.
चार खाणी बंद करतो म्हणाले, उद्या म्हणाल तर उद्या,
पाचवीचं नाव तेवढं काढू नका.
पाचवीवर इस्पितळ चालतं, शाळा चालते,
म्हाताऱ्यांची पेन्शन चालते,
आणि खरं सांगायचं तर माझा मेहुणाही.
मी सगळं लिहून घेतलं. मेहुणा सोडून.

आमच्या घरी कोळशाच्या वड्या असायच्या,
मधाच्या पोळ्यासारख्या, बारा बारा भोकांच्या.
मी पाढे त्यांच्यावर शिकले.
बारा एके बारा, बारा दुणे चोवीस,
आणि बोट काळं.
आता टक्के मोजते. बोट स्वच्छ.

रात्री बाबांना फोन लावला.
एकतीस वर्षं खाली काढलेला माणूस,
बोलताना छातीत शिट्टी वाजते,
आधी तिला बोलू द्यावं लागतं.
ठरलं का तुमचं, त्यांनी विचारलं.
सांगता येत नाही, गुप्त आहे.
बरं, म्हणाले, मग मीच सांगतो.
आमचा मुकादम म्हणायचा,
चला उतरा, छत सुमारे भक्कम आहे.
त्या दिवशी सतरा जण उतरलो.
वर आलो सुमारे चौदा.

सुमारे?

एकाला कुठल्या बाजूला मोजायचं
ते डॉक्टरला ठरवता येईना.

बारावा मसुदा मी ‘आधी’ लिहून वर पाठवला.
समर्थनाच्या रकान्यात लिहिलं :
वाक्य सुटसुटीत होते.
छताबद्दल लिहायला रकाना नव्हता.

नऊ मजले चढून कागद परत आला तोवर
कचेरीच्या खिडकीतली पर्सिमनची फळं
पिकून, मऊ होऊन, एक तर फुटलंही होतं.
‘आधी’ टिकलं होतं.
आणि ‘आधी’च्याही आधी
कुणीतरी ‘शक्यतो’ बसवला होता.
कुणी, ते विचारायची पद्धत नाही.
अक्षर सुबक होतं.

संध्याकाळच्या बातम्यांत निवेदिकेने ते वाक्य वाचलं,
एका दमात, कुठेही न अडखळता.
बाबांचा फोन आला, शेवयांत व्हिनेगर ओतत होते,
बाटलीची बुडबुड ऐकू येत होती.
तुझा शब्द कुठला त्यातला?
दुसरा, मी म्हटलं.
पहिला कुणाचा, त्यांनी विचारलं नाही.

दिवा चालू ठेवूनच झोपतात अजून.
अंधार भरपूर झाला म्हणतात.
बिल मी भरते.