किलिमांजारोचे पुठ्ठे

ऑर्डर दार-ए-सलामची. सहाशे चादरी.
मधोमध किलिमांजारो, काठाला जिराफ,
कोपऱ्यात किल्वा बेटावरची पडकी मशीद.
फोटो मोबाईलवर आला, तोही पुसट.

मी जेकार्डचे पुठ्ठे पाडतो,
साखर पेठेत, एकोणतीस वर्षं.
भोक आहे तिथं धागा वर,
नाही तिथं खाली. एवढंच लिहिता येतं मला.

मशिदीच्या कमानी
भुईकोटाच्या दरवाजावरून उचलल्या,
मापात बसल्या.
मागचा समुद्र मात्र
कंबर तलावावरून काही जमेना.

खरं अडलं डोंगराशी.
घरी तेलुगूत आम्ही डोंगराला कोंडा म्हणतो,
शाळेत गुरुजी सांगायचे, कोंडा म्हणजे भुसा.
डोंगराशी ओळख ती तेवढीच.
आणि वर बर्फ!
बाहेर चव्वेचाळीस डिग्री, लाईट गेलेली.
बायकोला विचारलं, बर्फाची कड कशी असते गं?
अनसूया म्हणाली, लस्सीवाल्याची लादी बघून या,
गोणपाटाखालची.
गेलो. दोन ग्लास संपेस्तोवर
कड सरकत होती, सरळ नाही,
कुरतडल्यासारखी.

तशीच पाडली.

एजंट येमूल बघून म्हणाला,
मालक, तिथला बर्फही दरसाल कमी होतोय म्हणे,
पेपरात होतं.
मी वरची अकरा भोकं चिकटपट्टीनं बुजवली.

रात्री झोप येईना.
उठून पट्टी काढली, अकराच्या अकरा.
आमची चादर वीस वर्षं जाते,
तेवढा तरी राहू दे.

जिराफाला एक पाय कमी पडलाय.
तो सोमवारी.