मागून येणारी

व्हर्डेल मॅब्री तालाच्या किंचित मागून गायची.
सम येऊन जायची, मग ती.
एवढं सांगून थांबता आलं असतं,
पण मी पियानो जुळवणारा माणूस,
अर्धी सोडलेली तार मला झोपू देत नाही.

डेट्रॉइट, हेस्टिंग्ज स्ट्रीट, बावन्न सालचा फेब्रुवारी.
स्टुडिओ म्हणजे फर्निचरच्या दुकानामागची खोली,
भिंतींना टेकवलेल्या विकाऊ गाद्या,
किमतीच्या चिठ्ठ्यांसकट.
पियानोचा मधला कोमल नी दाबला की वर येईना.
मी म्हटलं, दोन तास लागतील.
मालक म्हणाला, दोन तासांचे पैसे कोण देणार?
कोट न काढताच ती म्हणाली,
"राहू दे. तिथे मी असेन."

आणि होती.
जिथे तो सूर गप्प बसायचा
तिथे ती,
जरा उशिराच,
सगळे पानावर बसल्यावर
हात पुसत येणाऱ्या बाईसारखी.

चार गाणी झाली. चौथ्यात रेडिएटर तीनदा ठोकतो,
ते तसंच ठेवलं.
तबकडीवर नाव छापून आलं व्हर्नेल मेबरी.
तिने नखाने खरवडून पाहिलं.
"कोण ही? बरी गात असेल बिचारी."
आम्ही हसलो.
पैसे आले असतील तर त्या बिचारीकडेच गेले.

मग टोलेडो, फ्लिंट, सॅगिनॉ.
पुढच्या दालनात गायची,
मागच्या दारापाशी उभ्याने जेवायची.
न्यूयॉर्कहून एक साहेब आला, म्हणाला,
आवाज आहे, फक्त वेळेवर गा.
एक रात्र गायली ती वेळेवर.
मी होतो तिथे.
सगळं जागच्या जागी होतं
आणि गाणं कुठेच नव्हतं.
साहेबाने टाळ्या वाजवल्या.
तिने टोपी घातली आणि ती घरी गेली.

पुढे हेस्टिंग्ज स्ट्रीटच उखडला, वरून हमरस्ता गेला.
ती एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवू लागली.
एकोणीस वर्षं.
दार उघडायचं, माणसं बाहेर पडायची,
आणि मग रिकाम्या लिफ्टमध्ये तिचा आवाज:
"चौथा मजला. पडदे, चादरी, लहान मुलांचे बूट."
तक्रारी झाल्या. पगारातून काही कापलं म्हणतात.
मी उगाचच वर-खाली करायचो कधीकधी,
मला बूट नको होते.

जानेवारीत गेली.
बर्फात गाडी अडकली,
चर्चमध्ये आम्ही बारा-तेरा जण ताटकळलो.
पाद्री घड्याळ बघत होता.
मला हसू येत होतं, दाबलं.

तिथला पियानो मीच जुळवला होता, आदल्या दिवशी,
फुकट, मन लावून.
पोरगं वाजवायला बसलं.
सगळे सूर वर येत होते, कोमल नीसुद्धा.
कुठेच जागा सोडली नव्हती मी.