बरणी नंबर एकतीस

पूर उतरल्यावर पाचव्या दिवशी
प्राणिशास्त्राच्या खोलीचं कुलूप फोडलं.
किल्ली माझ्याच कमरेला होती,
पण कुलपात गाळ बसला होता.

आत कृष्णा अजून घोटाभर.
बेडकाचा तक्ता भिंतीवरनं सोलून निघालेला,
आणि बरण्या
कपाट सोडून कुठं कुठं जाऊन बसलेल्या,
जशी त्यांनाही सुट्टी लागली होती.

एकतीस नंबर सापडली बेसिनखाली.
समुद्रकाकडी. पार तळची.
मगदूम बाईंनी रिटायर होताना ओळख करून दिली होती :
हौसाक्का, ही दोन हजार वाव खालची.
डोकं नाही, डोळा नाही, मेंदू तर नाहीच.
पायांत पाणी भरून चालते आणि चिखल खाते.
मी म्हटलं, मग हिला कळतं कसं, कुणीकडं जायचं?
बाई म्हणाल्या, पाण्याची ओढ जिकडनं येते
तिकडं तोंड करून उभी राहते.
तेवढं कळलं की भागतं.

तिथं दिवस नसतो.
वर जे जे मरतं, मासा, शेवाळ,
कुणाची कात, कुणाची घाण,
त्याचा चुरा होत होत खाली येतो.
यायला आठवडे लागतात.
त्या चुऱ्यावर तळाचा सगळा संसार.
ठिसूळ तारे चिखलात पुरून घेतात स्वतःला,
एखादा हात तेवढा वर.
आलं तर आलं.
कुणी हात धरला तर हात देऊन टाकतात.
दुसरा फुटतो, सवडीनं.

बाई हे सांगायच्या
आणि मला दर खेपेला हरिपूर दिसायचं.

आमचा बाप हळदीच्या पेवात उतरायचा.
तोंड माणूस जाईल एवढंच, पोट हे मोठं.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला तर थांबायचं.
नाही विझला तर माणूस सोडायचा.
मी काठावर ओणवी.
बाप दिसायचा नाही. उजेडाचा एक खांब दिसायचा,
आणि त्यातनं पिवळी धूळ
कसलीही घाई नसल्यासारखी खाली जायची.
मग खालनं आवाज : ओढ.

रात्री त्यानं मोडलेली भाकरी पिवळी व्हायची.
गेला तेव्हा शेवटची आंघोळ घातली,
पाणी पिवळं निघालं.
आई म्हणाली, लग्नातसुद्धा एवढी लागली नव्हती.

तर, झाकण सैल झालेलं.
आत अर्धं औषध, अर्धी नदी.
कंटकचर्मी म्हणतात या सगळ्या जातीला,
आणि त्यांतलं एकही गोड्या पाण्यात जगत नाही.
ओढ्यात नाही, विहिरीत नाही, कुठंच नाही.
तीस वर्षं ही सांगलीत कपाटात बसून राहिली
आणि शेवटी पाणी आलं तेही चुकीचं.

कोरे सर नवे आहेत. दारातनंच म्हणाले,
बरण्या टाकून द्या, विम्याच्या यादीत दाखवू.
मी हो म्हटलं.

मग मदतीच्या पाकिटातला मिठाचा पुडा फोडला.
तेल, तूरडाळ, काडेपेटी आणि तो पुडा,
कोण कुठल्या गावानं पाठवलेला.
मूठभर घातलं. मग अजून एक मूठ.
तिला काय फरक पडणार, ती मेलेलीच.
मला खारट करून ठेवायची होती, एवढंच.

मिशा असतात ते तोंड, हे बाईंनी शिकवलेलं.
खिडकीत ठेवली, तोंड आयर्विन पुलाकडं,
जिकडनं पाणी येतं तिकडं.
काचेतनं घाटाच्या पायऱ्या दिसत होत्या,
वरच्या चारच, बाकीच्यांवर गाळ.

सर यादी वाचत होते. एकतीसपाशी थांबले.
गेली का ही?

म्हटलं, आहे.
खाली होती.