अंगठा

कोशांचं कपाट होतं तिथे
आता चार्जिंगचे आठ पॉइंट.
भरतीची पोरं कूलरसमोर बसतात,
वाचतात मोबाइलमध्येच,
पाणी तेवढं वाचनालयाचं पितात.

दुपारी चोपड्याचा रस्ता तापून सुना पडला
की मी एक पुस्तक उघडतो,
एका पानाचा फोटो काढतो
आणि सुरतेला पाठवतो.
तिथे भिला शिंपी, लूमवर रातपाळी,
सभासद क्रमांक दोनशे बारा,
अनामत अजून इथेच जमा.

काल त्याचा मेसेज :
'आप्पा, अंगठा बाजूले करा ना,
खालनी वळ दिखत नही.'

मागे जाऊन पाहिलं. खरंच.
शिक्क्याच्या जांभळ्या शाईचा माझा अंगठा
छत्तीसच्या छत्तीस पानांवर,
आणि हा बिचारा महिनाभर
शेवटची ओळ मनानंच जुळवत आलेला.

वहीत नोंद केली :
पुस्तक कपाटात, वाचक सुरतेत.
परतीच्या तारखेपाशी
शिक्का नुसताच हातात राहिला.

विचारलं, राहिलेल्या ओळी पाठवू का रे?
बऱ्याच वेळानं, बहुधा जेवणाच्या सुटीत,
उत्तर आलं :
'ऱ्हाऊ द्या आप्पा.
त्या आते मन्या शेतस.'