पात्र

दांडिया बाजारात, शिर्के झेरॉक्सच्या माळ्यावर
दर शनिवारी आम्ही तिघं
नसलेल्या राज्यात जातो.
पंखा तीनवरच चालतो. फासा वीस बाजूंचा,
एक कोपरा झिजलेला, म्हणून सतरा जरा जास्तच पडतात.
सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही.

चारुहास गद्रे दिवसा लोकांचे रिटर्न भरतो.
त्याचं पात्र चार पानांचं.
बळ चौदा, चपळाई अकरा,
डाव्या खांद्यावर जुना वार, त्याचे थंडीत दोन गुण वजा.
पोहणं: अधिक सात.
गुरू कोण, किती वर्षं, गुरूशी का बिनसलं.
पिशवीत पन्नास हात दोर,
त्या दोराचं वजनसुद्धा.
पेन्सिलीनं लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो;
‘वजन’च्या चौकटीत कागद इतका विरलाय
की तिथून खालचं टेबल दिसतं.

सौरीन म्हणतो, अरे, चालशे ने, आता खेळू.
त्याला नाही चालत. खरं तर मलाही नाही.
खेळ मी चालवते, आणि मला आवडतात
असे कागद, ज्यांच्यात हात घातला
तर तळाशी काही लागतं.

एकदा कोऱ्या फॉर्मच्या प्रती द्यायला
शिर्क्यांची जुई वर आली ती गेलीच नाही.
अकरा वर्षांची. म्हणाली, मला पण.
चारुहासनं फॉर्म पुढे सरकवला. सत्तेचाळीस चौकटी.
तिनं तो बाजूला ठेवला, खिशातून एक बिल काढलं
(एकेरी प्रती, बावीस) आणि मागे लिहिलं:
चोर. घाबरट.

झालं?
झालं.

त्या दिवशी वाटेत नदी होती.
गढूळ, रुंद, मी सांगत गेले,
पाण्यावर दोन डोळे. मग चार.
चारुहासनं दुसरं पान उघडलं, सात मिळवले,
खांद्याचे दोन वजा केले,
भिजल्यावर दोर किती जड होईल ते मांडायला घेतलं.
खालचं मशीन तोवर एक अख्खा प्रबंध छापून मोकळं झालं.

जुई म्हणाली, मी पुलावरून जाते.
नकाशात पूल नाही, मी म्हटलं.
असेल की. विश्वामित्रीत एवढ्या मगरी आहेत,
कुणी पोहत जातं का?
शाळेत रोज पुलावरूनच जाते मी.

सौरीन टेबलावर डोकं ठेवून हसला.
चारुहास हसला नाही. चारी पानांवर
तळहात दाबून बसला,
पंखा तीनवर असूनही.

मी पूल दिला.
फुकट नाही: पलीकडे चौकी, चौकीत पहारेकरी.
कोण गं तू? कुठली? कुणाची?

जुईनं बिल सुलट केलं, उलट केलं.
दोनच शब्द. त्यांत गाव नव्हतं.
घाबरट, ती पुटपुटली, आणि खरोखरच घाबरली,
कानांच्या पाळ्या लाल.
मला वाटलं फासा टाकायला सांगावं,
पडेल सतरा.

चारुहास तिसरं पान चाळत होता.
खालून चौथ्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.
‘धाकटी बहीण. लहानपणी हरवली. नाव ठरवायचं आहे.’
सहा वर्षं ती ओळ तिथे होती,
मीच कधी खेळात आणली नाही.
घसा खाकरून तो पहारेकऱ्याला,
म्हणजे मला, म्हणाला:
ही माझी.

जुईनं बिलावर तिसरा शब्द लिहिला, मग चौथा.
भाऊ आहे.
जाताना तो फॉर्मही घेऊन गेली. जिन्यातून ओरडली,
वजन कुणाचं लिहू, माझं की चोराचं?
चारुहास लगेच उठून कठड्याशी गेला, समजावत राहिला,
शिर्क्यांचं शटर अर्ध्यावर येईतो.

पात्र नदीलाही असतं,
हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.
नकाशा गुंडाळायच्या आधी पाहिला:
डोंगर, चौक्या, मगरी, सगळं पेन्सिलीचं.
पूल तेवढा मी पेननं काढला.
तिरका आलाय.