सूप

यंत्रानं ऐकलं : खोटा.
नायना म्हणाले होते : धोटा.
मी खोडून धोटा लिहिते.
यंत्राचा राग नाही. त्यानं साखर पेठ कुठं पाहिलीय?

आईला विडीच्या हजारावर,
नायनांना टॉवेलाच्या डझनावर,
मला व्हिडिओच्या मिनिटावर.
घरात तिघांचं मोजमाप असं.

मुलाखत घेणारा पोरगा प्रश्न वहीत लिहून दाखवायचा,
नायना वाचून मोठ्यानं उत्तर द्यायचे,
शेडमध्ये बोलायची सवय तीच, बारा मागांच्या वर.
खरं तर मागावर कुणी बोलत नाही,
ओठ वाचतात. पगार, शिवी, पोरीचं लग्न,
सगळं ओठांवर.

आधी मी लिहिलं होतं : [आवाज].
जोडभावी पेठेतल्या नसरीननं कळवलं,
ताई, आवाज आहे ते आम्हाला दिसतंच,
माणसं कान धरतात.
कसला ते लिहा.

नायनांना विचारलं, खुणेनं.
त्यांनी फरशीवर तळहात ठेवला.
"कानातून गेला तो कधीच.
टाचेत राह्यलाय बघ."
मग लिहिलं : [माग चालू आहेत. जमीन हलते.]

चौदाव्या मिनिटाला मागून कुणीतरी बोललं.
हेडफोन दाबून तीनदा ऐकलं.
आई. दाराशी, उजेडाकडं तोंड,
मांडीवर सूप, पाठ आमच्याकडं,
तेलुगूत, पत्ती कापता कापता :
गोडकु चेप्पिनट्टे.

ऐकू येतं ते गाळायचं नाही, हा आमचा नियम.
गाळलं असतं तर कुणाला कळलं असतं?
जेवायची वेळ झाली, उठले, पाणी प्याले,
आणि लिहिलं :
[अनसव्वा, पाठमोरी] भिंतीला सांगितल्यासारखंच आहे.

नायनांनी वाचलं. थांबवलं.
बोटानं मागं नेलं. परत वाचलं.
तिसऱ्यांदा चष्मा पुसून.
"हे कधीपासून म्हणते ही?"

आई सुपालाच म्हणाली, लग्नापासून.
ते खाली उमटलं नाही.
मी गळ्याशी चिमूट नेऊन
मंगळसूत्र दाखवलं.
ते इतके हसले की
खालचा मुकादम जिना चढून बघून गेला.

सकाळी सूप दुसऱ्या बाजूला.
आईचं तोंड आता घराकडं, उजेड पाठीला,
पत्ती वाकडी कापली जाते,
काल दीडशे विड्या छाटणीत गेल्या
आणि त्याला जबाबदार मी, माझी ती पाटी.
नायना समोर खुर्ची टाकून बसतात,
पहिल्या दिवशी मॅनेजरच्या तोंडाकडं बघत असतील तसे.
तिनं दोरा दातात धरलाय,
ओठ गच्च.

माझी नऊ मिनिटं उरलीत.
एका जागी कुणीच बोलत नाही,
यंत्रानं तिथं लिहिलंय : [शांतता].
मी पाय फरशीला टेकवते
आणि ते खोडते.